मास्तरांची झोप

एकोणतीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या माणसाला त्याच्याच एका शिकाऊ बाईनं शहराबाहेर एकोणीस किलोमीटर नेऊन ठेवलं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मास्तरांना पुढे कित्येक दिवस हे वाक्य मनातल्या मनातसुद्धा पुरं करता यायचं नाही. अर्ध्यावर आलं की ते उठून खिडकी उघडायचे, नाहीतर पाणी प्यायला जायचे.

सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. वय छप्पन्न, अंगानं भरलेले, मान आखूड. शर्टाचं वरचं बटण गेल्या कित्येक वर्षांत लागलं नव्हतं. साखरेचं दुखणं बारा वर्षांचं. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी तपासणी, सगळं वेळच्या वेळी. आपल्यासारखा शिस्तीचा रोगी नाही, असं ते गमतीनं म्हणायचेही.

ती बाई म्हणजे सिस्टर. वय एकसष्ट. चाळीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या. गाडी चालवायचे ते त्यांचे यजमान. ते गेले आणि गाडी दोन वर्षं आवरणाखाली उभी राहिली. मग एक दिवस सिस्टरांनी आवरण काढलं आणि थेट मोटार स्कूलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शिकायला बऱ्या होत्या, फक्त एक खोड होती. सांगितलं तेवढंच करायच्या, ना कमी ना जास्त. "वळा" म्हटलं नाही तर समोर भिंत असली तरी वळायच्या नाहीत, अशी मास्तर त्यांची चेष्टा करायचे.

त्या दिवशी बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागल्यावर मास्तर म्हणाले, "आता मी सांगेपर्यंत सरळ. पन्नासच्या वर काटा न्यायचा नाही."

सकाळचे अकरा वाजले होते. काचेतून ऊन थेट मांडीवर येत होतं. जागं राहायच्या मास्तरांच्या सगळ्या युक्त्या करून झाल्या होत्या. तोंडात लवंग होती, खिडकी चार बोटं खाली होती, उजव्या हातानं मांडीला चिमटे काढणं चालू होतं. गेलं वर्षभर त्यांचा हाच उद्योग होता. दोन शिकवण्यांच्या मधे कडक चहा, तोंडावर पाणी, वाटेत मुद्दाम मोठमोठ्यानं बोलणं. हे वयाचं आहे, उन्हाचं आहे, गोळ्यांचं आहे, असं ते स्वतःला बजावत आले होते.

पुढचं त्यांना सिस्टरांकडूनच कळलं.

नेहमीचा चौक आला, मास्तर काही बोलले नाहीत, म्हणून सिस्टर सरळ गेल्या. फरशांची दुकानं मागे पडली, लाकडाच्या वखारी मागे पडल्या, दोन्ही बाजूंना मोकळी रानं लागली. ट्रक घोंघावत शेजारून जाऊ लागले. सिस्टरांना वाटलं, मास्तर आपली परीक्षा घेताहेत. मग शेजारून घोरणं ऐकू आलं. तरी हात स्टिअरिंगवर घट्ट धरून त्या जात राहिल्या, कारण भरधाव रस्त्यावर कडेला कसं घ्यायचं हे अजून शिकवलं नव्हतं.

आणि मग घोरणं थांबलं.

"हायसं वाटलं असेल," मास्तर नंतर ओशाळून म्हणाले.

"हायसं? अहो, घोरण्याबरोबर श्वासही थांबला होता तुमचा. मी चाळीस वर्षं काय केलं? बाळ बाहेर आलं की पहिल्या श्वासाची वाट बघितली. श्वास येत नाही तेव्हा खोली कशी होते, ते मला विचारा. रस्त्यावरून नजर हलवता येत नव्हती, म्हणून कान लावून बसले. चौतीस आकडे मोजले मी. मग बुडणारा माणूस वर यावा तसा तुम्ही घशातून आवाज काढलात आणि पुन्हा घोरायला लागलात. थोड्या वेळानं पुन्हा तेच. असं किती वेळा झालं ते सांगू?"

हे बोलणं झालं एका पेट्रोल पंपाच्या आवारात. सिस्टरांनी दिवा दाखवला होता, वेग कमी केला होता, गियर एकेक उतरवत गाडी कडेला आणून हातब्रेक ओढला होता. एकही चूक नाही. त्या धक्क्यानं मास्तर जागे झाले. समोर पंप, मागे डोंगर, हवा भरायच्या नळीपाशी एक कुत्रं. काही क्षण आपण कोण, कुठे, कशासाठी, काहीच सुचेना. पाय मात्र आपोआप ब्रेकवर गेला, गाडी उभी असताना.

"तुम्ही झोपला होतात, मास्तर," सिस्टर म्हणाल्या. "आणि मधूनमधून मेला होतात."

मास्तरांनी आधी हसून बघितलं. मग चिडून बघितलं. "बाई, साखर आहे मला. औषधानं सुस्ती येते. रात्री जरा उशीर झाला झोपायला."

"साखरेनं श्वास थांबत नाही. सकाळी डोकं जड असतं?"

"असतं."

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"तीन-चार. साखरेमुळेच ते."

"असेलही. घरचे काय म्हणतात?"

मास्तर दार उघडत म्हणाले, "उतरा, मी चालवतो. दीडची शिकवणी आहे."

सिस्टरांनी किल्ली काढून मुठीत धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सांगितलेलं ऐकलं नाही. "तुम्ही तिकडेच बसायचं. मी नेते."

परतीचे एकोणीस किलोमीटर मास्तर ताठ बसून होते, पापणी न मिटता. सिस्टर साठनं चालवत होत्या आणि त्यांना टोकायचं मास्तरांच्या जिभेवर येत नव्हतं. शहराच्या तोंडाशी आल्यावर ते हलकेच म्हणाले, "हे तेवढं स्कूलमधे बोलू नका."

"आज नाही बोलणार," सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्यानंतर ती अठरा वर्षांची पोर येते ना तुमच्याकडे शिकायला? माझ्या जागी ती असती तर? परवापर्यंत तुम्ही स्वतः बोला. नाहीतर मला बोलावं लागेल."

दीडच्या शिकवणीला ती पोर आली, तेव्हा मास्तरांनी क्लच सरकतोय अशी थाप मारून तिला परत पाठवलं. मग गाडी शेडमधे लावली आणि बंद गाडीत बराच वेळ बसून राहिले. डोळे मिटायची भीती वाटत होती. तरी मिटत होते. शेवटी अंगावर पाल पडल्यासारखे ते बाहेर आले आणि चालत घरी गेले.

बायको शिलाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पँटची घडी उसवत होती. कपडे दुरुस्त करून देणं हा तिचा घरगुती व्यवसाय, दुपारचा वेळ त्यातच जायचा. नवऱ्याला अवेळी दारात बघून तिनं हात थांबवला.

"अहो, बरं नाही का?"

मास्तर चपला न काढताच खुर्चीवर बसले. "अगं, मी घोरतो का?"

ती हसली. अगदी मोकळं हसली. "सगळ्या गल्लीला विचारा."

"म्हणूनच तू लेकीच्या खोलीत झोपायला गेलीस ना?" लेकीचं लग्न होऊन ती परगावी गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, दोघं वेगळ्या खोल्यांत झोपत होते. मास्तरांनी त्यावरून चारचौघांत विनोदही केले होते.

बायकोचं हसणं मावळलं. तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, सुई टाचण्यांच्या उशीत खोचली. "घोरण्यामुळे नाही गेले. ते थांबायचं म्हणून गेले."

मास्तरांना कळेना.

"घोरताय तोवर मी निर्धास्त असायचे. थांबलात की माझा जीव टांगणीला लागायचा. आता येईल श्वास, मग येईल. हलवलं की तुम्ही खेकसायचात. शेवटी वाटलं, ऐकूच नको ते. पण भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. झोपते कुठे मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही?" तिचा आवाज चढला. "दोनदा डॉक्टरांची वेळ घेतली. एकदा तुम्ही म्हणालात परीक्षेचा हंगाम आहे. एकदा म्हणालात, तुझ्या बापाच्या घोरण्याला कुणी औषध दिलं होतं का? मग मी बोलणं सोडलं." ती उठली, आत जाऊन फोन घेऊन आली. "घ्या. ऐका एकदा."

दुपारच्या लख्ख उजेडात, टेबलावर उसवलेली पँट पडलेली असताना, मास्तरांनी स्वतःची झोप ऐकली. आधी करवतीसारखं घोरणं. त्याचं त्यांना हसूच आलं. मग एकदम शांतता. घड्याळाची टिकटिक ऐकू आली, दूर कुठे गाडीचा हॉर्न, अगदी जवळून बायकोचा दबलेला श्वास. तिचाच फक्त. मास्तर नकळत स्वतःचा श्वास धरून बसले. शांतता संपेना. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा कुठे फोनमधून तो गुदमरलेला, फाटका आवाज आला आणि करवत पुन्हा सुरू झाली.

"अशी एकेचाळीस रेकॉर्डिंग आहेत," बायको म्हणाली. "कुणाला दाखवायची म्हणून करून ठेवली होती. कुणालाच दाखवली नाहीत."

आपल्याच आयुष्यातली ही एवढी मोठी गोष्ट भोवतीच्या सगळ्यांना माहीत असावी आणि आपल्यालाच नसावी, याचा मास्तरांना राग आला. कुणाचा राग करायचा तेवढं ठरेना. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, परत आले, पुन्हा गेले. "उद्या जाऊ," ते आतून म्हणाले. "सकाळीच जाऊ."

साखरेच्या डॉक्टरीणबाईंनी एकेचाळीसपैकी दोन रेकॉर्डिंग ऐकली आणि फोन खाली ठेवला. बारा वर्षांत त्यांनी मास्तरांची बोटं, पाय, लघवी, रक्त सगळं तपासलं होतं. "झोपेचं मी कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं. गोळ्या वाढवत गेले आणि सकाळचा रक्तदाब खाली का येत नाही म्हणून नवल करत बसले."

त्यांनी एक छोटं यंत्र घरी दिलं. एक रात्र छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाखाली नळी. त्या रात्रीचा हिशेब तिसऱ्या दिवशी कागदावर आला. तासाला त्रेचाळीस वेळा श्वास अडत होता. रक्तातला प्राणवायू, जो पंचाण्णवच्या आसपास हवा, तो एका क्षणी एकाहत्तरपर्यंत घसरला होता. कागदावरची रेघ दातेरी पात्यासारखी दिसत होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोळ्यांच्या आतला फोटो काढून पडद्यावर दाखवला. नारिंगी गोळा, त्यात फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या, आणि मधे मधे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. "हे बारीक वाहिन्यांतून पाझरलेलं रक्त," ते म्हणाले. गेल्या वर्षीच्या फोटोत दोन ठिपके होते, या वर्षी अकरा. पायाच्या घोट्याचा आणि दंडाचा दाब एकाच वेळी मोजला, तर डाव्या पायात रक्त जरा कमीच पोचत होतं. जिना चढताना पोटरी भरून येते, ती वयामुळे नव्हे.

"माझी साखर तर एवढी वाईट नाही," मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले. स्वतःचीच वकिली करत असल्यासारखा आवाज आला त्यांचा.

"नाहीये. म्हणून तर मला कोडं पडलं होतं." त्यांनी कागद त्यांच्याकडे वळवला. "झोपेत तुमचा घसा मिटतो. श्वास अडला की प्राणवायू घसरतो. शरीर घाबरतं, रक्तदाब उसळवून तुम्हाला अर्धवट जागं करतं. तुम्हाला ते आठवतही नाही. पुन्हा झोप, पुन्हा तेच, रात्रभर. दर उसळीला रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मार बसतो, त्या कडक होत जातात. साखरेनं ते अस्तर आधीच नाजूक झालेलं. म्हणजे दिवसा साखर आणि रात्री हे. आता हवा देणारं मशीन नाकाला लावून झोपावं लागेल."

"मग मशीन लावलं की साखर जाईल?"

"नाही. खोटी आशा दाखवणार नाही. साखरेवर फरक पडला तर पडला. झोप नीट लागेल, दिवसा डोळा लागणार नाही, रक्तदाब थोडा उतरेल. वाहिन्यांचं बघत राहू. झालेलं नुकसान बहुतेक तसंच राहतं, पुढचं तरी लांबवू." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "आणि झोप सुधारेपर्यंत गाडी बंद."

"मी चालवत नाही. बाजूच्या सीटवर बसतो."

"दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली असतो?"

मास्तरांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

मोटार स्कूलचे धाकटे मालक हे मास्तरांचेच जुने विद्यार्थी. लोकांसमोर मास्तर त्यांना साहेब म्हणायचे, एकटे असले की तू. त्या दिवशी दार लोटून घेऊन मास्तरांनी सगळं सांगितलं. पेट्रोल पंप, सिस्टर, चौतीस आकडे. सिस्टरांनी दिलेला परवा उलटून चार दिवस झाले होते आणि त्या काही बोलल्या नव्हत्या. तेही सांगितलं. मालक ऐकताना पेन उघडत होते, बंद करत होते.

"गेल्या महिन्यात त्या दुधाच्या टेम्पोला घासली गाडी," मालक शेवटी म्हणाले, "तेव्हा तुम्ही म्हणालात, पोरानं ब्रेक लावायला उशीर केला."

मास्तरांनी खाली बघितलं. "मलाही तसंच वाटलं होतं. आता खात्री नाही."

"त्या पोराला आपण सहा शिकवण्या जादा घ्यायला लावल्या, मास्तर."

"मी भेटून सांगतो त्याला."

मालकांनी त्यांना काढलं नाही. मागच्या खोलीत फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवायला लावलं. गोल पाटी म्हणजे आज्ञा, त्रिकोणी म्हणजे इशारा. एकोणतीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस खडू हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खिडकीतून त्यांची गाडी दुसरा कुणी तरणा माणूस बाहेर काढताना दिसायची आणि फळ्यावरचा बाण तिरका यायचा. त्या टेम्पोवाल्या पोराला ते खरंच भेटले. पोरगं एका औषधाच्या दुकानात कामाला होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "मी घरी शपथेवर सांगत होतो, ब्रेक मारला होता म्हणून." बाकी काही नाही. मास्तरांना त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मशीन घरी आलं. डब्याएवढं यंत्र, लांब लवचीक नळी, नाकावर बसणारा मुखवटा, डोक्याभोवती पट्टे. ते हवा दाबून घशाची वाट उघडी ठेवतं, एवढंच त्याचं काम. पहिल्या रात्री मास्तरांना वाटलं, कुणी चालत्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून धरलंय. दुसऱ्या रात्री हवा तोंडातून सुटून चिमणीसारखी शिट्टी वाजत राहिली. तिसऱ्या रात्री नाक कोरडं ठणठणीत पडलं. लेकीला फोनवर चेहरा दाखवला तर ती म्हणाली, "बाबा, हत्ती झालात की!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर रडवेली झाली. चौथ्या रात्री मास्तरांनी झोपेतच मुखवटा ओढून फेकला, तो कपाटाखाली गेला. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी सगळं डब्यात भरलं.

"नाही जमत," ते म्हणाले. "जाऊ तेव्हा झोपेत जाऊ. बाबा नाही गेले? त्यासारखं मरण नाही. सगळे म्हणाले होते, पुण्यवान."

बायकोनं चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि शिलाई मशीनवर जाऊन बसली. पण पाय चालेना. सुई खाली गेली ती तशीच राहिली.

बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले होते. मास्तर तेव्हा कामानिमित्त लांब होते, पोचले तेव्हा संध्याकाळ झालेली. बाबा शांत निजल्यासारखे दिसत होते. तो चेहरा मास्तरांनी तीस वर्षं जपला होता. आज पहिल्यांदा त्यावर शंका आली आणि एकदा आली ती जाईना. फळ्यापुढे उभं राहवेना. दुपारची सुट्टी काढून ते दोन बस बदलून थोरल्या बहिणीकडे गेले.

ताई बाल्कनीत झाडांची पिवळी पानं खुडत होती. बाबा गेले त्या सकाळी घरात आई आणि तीच होत्या.

"ताई, बाबा घोरायचे का गं?"

"अरे, भांडी हलायची." ती हसली, मग भावाकडे बघून थांबली. "का रे?"

"थांबायचं का मधेच? श्वास?"

ताईनं हातातली पानं कुंडीत टाकली. "आई काठीनं ढोसायची त्यांना. उशाशी काठीच ठेवली होती. आम्हाला वाटायचं, गंमत आहे."

"आणि त्या दिवशी? शांत होते ना? मी आलो तेव्हा चेहरा..."

खालच्या रस्त्यावर कुणी तरी मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती धरत नव्हती.

"तू यायच्या आधी आम्ही नीट केला तो," ताई म्हणाली. "आई आणि मी. चादर सगळी ओढली गेली होती. एक हात गळ्याशी होता. आई त्या रात्री माझ्या बाळाजवळ झोपली होती ना, माझं बाळंतपण होतं तेव्हा. दुसऱ्या खोलीत होती. ती म्हणाली, पोराला सांगू नकोस. लोकांनाही नको. मग लोकच म्हणाले पुण्यवान, आणि आम्ही मान हलवली." तिनं पदरानं हात पुसले. "आई शेवटपर्यंत म्हणायची, मी तिथे असते तर."

मास्तरांना बाबांपेक्षा आईची आठवण आली. मग बायकोची. भिंतीपलीकडे, लेकीच्या खोलीत, डोळे उघडे ठेवून पडलेली. उद्या आपण गेलो तर तिला कुणी तरी सांगेल पुण्यवान, आणि तीही मान हलवेल. त्यांना बसवेना. जेवून जा म्हणत ताई मागे आली तरी ते जिना उतरून गेले.

घरी येऊन त्यांनी डबा उघडला. बायकोला हाक मारली. "हे पट्टे जरा बघ. मागून वर चढतात. शिवून आखूड होतील?"

तिनं मुखवटा उलटापालटा करून बघितला. पट्ट्याला दोन टाके घातले, गालाशी रुतत होता तिथे मऊ कापडाची घडी लावली. मग नवऱ्याला खुर्चीत बसवून भर दुपारी तो चढवला, काढला, पुन्हा चढवला. मास्तर दुपारी तासभर मुखवटा लावून वर्तमानपत्र वाचत बसायला लागले, नाकाला सवय व्हावी म्हणून. दार वाजलं तरी काढायचे नाहीत. इस्त्रीचे कपडे आणणारी बाई एकदा दचकून दोन पायऱ्या खाली गेली.

एकदम काही झालं नाही. दोन तास टिकला, मग तीन. मधे सर्दीनं आठवडा वाया गेला. पण एका सकाळी मास्तर उठले आणि काही तरी कमी आहे असं वाटून घरभर हिंडले. डोकं दुखत नव्हतं. घड्याळात पावणेसहा वाजले होते आणि रात्री ते एकदाच उठले होते.

चार महिन्यांनी रक्तदाबाची एक गोळी निम्मी झाली. साखर जवळपास होती तिथेच होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे, न कमी, न जास्त. डावी पोटरी अजून भरून यायची, त्यासाठी रोज चालायला सांगितलं होतं. दिवसा शांत बसलं तर झोप येते का याचीही तपासणी झाली, आणि मशीनमधली नोंद बघून गाडीला परवानगीचं पत्र मिळालं. सिस्टर तोवर दुसऱ्या शिक्षकाकडून पास होऊन गेल्या होत्या. त्यांनी मालकांकडे पेढ्यांऐवजी एक चिठ्ठी ठेवली होती: "मास्तरांना सांगा, कडेला कसं घ्यायचं ते मी आपलं आपण शिकले." मास्तरांनी ती वाचून खिशात घातली.

मास्तर पुन्हा बाजूच्या सीटवर बसायला लागले, तरी पूर्वीचा आराम राहिला नव्हता. प्रत्येक शिकवणीआधी ते स्वतःला विचारायचे, झोप येते का? येत नसली तरी विचारायचे. रस्ता सरळ आणि ऊन मांडीवर आलं की हात दाराच्या मुठीवर घट्ट व्हायचा. ही धास्ती बहुतेक आता सोबतच राहणार होती.

बायको आपल्या खोलीत परत आली. पण तिची झोप परत आली नाही. मशीनचा आवाज एकसारखा, वाऱ्यासारखा. इतकी वर्षं थांबण्याची वाट बघितलेल्या कानांना न थांबणारा श्वास पटेना. ती उठून बसायची, त्यांच्या नाकाशी हात न्यायची, पुन्हा पडायची. "तुमचं बरं झालं," ती म्हणायची, "माझ्यासाठी काय मशीन आहे?" हसत म्हणायची, पण डोळ्यांखाली काळं तसंच होतं.

अशात डोळ्यांची वर्षाची तपासणी आली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, फोटो झाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला आणि ते एकेक ठिपका मोजत गेले. मास्तरांना पडदा धूसर दिसत होता, म्हणून ते त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते, तोही धूसर.

"जुन्यातले चार पुसट झालेत," डॉक्टर म्हणाले. "सात आहेत तसेच. नवा एक आहे, इथे कडेला. घाबरायचं नाही, पण सहा महिन्यांनी या. वर्षानं नको."

चांगलं की वाईट, हे मास्तरांना ठरवता येईना. बाहेर आल्यावर त्यांनी बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं, तो नवा एकसुद्धा. पूर्वी त्यांनी तो गाळला असता. ती "हं" म्हणाली. थेंबांचा असर उतरेपर्यंत उन्हात जायचं नव्हतं, म्हणून दोघं दवाखान्यातल्याच बाकावर बसून राहिले.

थोड्या वेळानं त्यांच्या खांद्यावर भार आला. बायकोचा डोळा लागला होता. तोंड किंचित उघडं, हातातली पिशवी कलंडलेली, श्वास संथ आणि सरळ. मास्तर कान देऊन ऐकत राहिले. खांद्याला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत.

शिपाई पंखे बंद करत आला. "चला आजोबा, जेवणाची सुट्टी झाली. दार लावायचंय."

मास्तरांना तो नीट दिसत नव्हता, नुसता उजेडातला एक आकार. त्यांनी मोकळा हात वर करून त्याला थोपवलं आणि अगदी हळू, तिला कळू न देता, म्हणाले, "थांबा हो थोडं. फार दिवसांनी झोपलीय."